ऑप्शन फॉर्म भरताना: ब्रँच आधी, कॉलेज आधी, की कटऑफ आधी?

अभियांत्रिकी प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी, कसा भरावा असे एका विद्यार्थिनीने विचारले आहे. आधी तिचा प्रश्न थोडक्यात मांडतो. लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेली विद्यार्थिनी, प्रवर्ग ओबीसी, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत ९१ पर्सेंटाइल, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या बरेच खाली. वडिलांना वाटते नांदेडच्या एसजीजीएस या अभियांत्रिकी संस्थेत मिळेल ती ब्रँच घ्यावी. मामांचे म्हणणे, पुण्यातले कुठलेही कॉलेज चालेल पण कॉम्प्युटर किंवा एआय-डीएस (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स) हवे. एक समुपदेशक पैसे घेऊन 'सेफ लिस्ट' भरून द्यायला तयार आहे. आणि शेवटी ती लिहिते, "मोठी कॉलेजं वर टाकली तर खालचं मिळणारं पण जाईल अशी भीती वाटते."

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर मुलांचे अर्ज तपासतो आणि पुढे तीच मुले पहिल्या वर्षाला माझ्यासमोर बसतात. त्यामुळे फॉर्म भरताना काय ठरले आणि त्याचे पुढे काय झाले, हे दोन्ही मला पाहायला मिळते. त्या अनुभवावरून लिहितो.

तुझा प्रश्न वरवर 'ब्रँच की कॉलेज' असा आहे, पण खरी अडचण तुझ्या शेवटच्या वाक्यात आहे. ती भीती गेली नाही तर बाकी कितीही विचार केलास तरी यादी चुकेल. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. तिच्या राउंडमध्ये जागावाटप होते ते गुणवत्ता क्रमांकाने. संगणक यादीतल्या पहिल्या उमेदवारापासून खाली येत जातो. तुझा क्रमांक आला की तुझा पहिला पर्याय उघडतो आणि तुला लागू असलेली एखादी जागा तिथे शिल्लक आहे का ते पाहतो. असेल तर ती तुझी. नसेल तर दुसरा पर्याय, मग तिसरा. हे सगळे तुझ्याच पाळीत घडते, तुझे उरकल्याशिवाय तुझ्या मागच्या उमेदवाराकडे तो जात नाही. समजा एक कॉलेज तू विसाव्या क्रमांकावर लिहिलेस आणि तुझ्याच प्रवर्गातल्या, तुझ्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलीने ते पहिल्या क्रमांकावर लिहिले. तरी ती जागा आधी तुला विचारली जाईल. वरचे एकोणीस पर्याय मिळाले नाहीत म्हणून विसावा हातून जात नाही. तेव्हा आवाक्याबाहेरची वाटणारी दोन-चार नावे वर लिहिण्यात काहीही धोका नाही.

धोका दुसरीकडे आहे. बहुतेक घरांत यादी भरली जाते ती कटऑफच्या उतरत्या क्रमाने. गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे ज्या पर्सेंटाइलला जागा संपल्या तो आकडा, समोर घ्यायचा, सगळ्यात जास्त पर्सेंटाइलला बंद झालेले वर आणि कमीचे खाली. यात तुझी आवड कुठेच येत नाही, इतरांची गर्दी तेवढी येते. आमच्याकडे एक मुलगा आला होता. त्याला इलेक्ट्रिकल हवे होते, तेही घराजवळ, कारण आजारी आईकडे दर शनिवार-रविवारी जावे लागायचे. पण यादी कटऑफप्रमाणे लावलेली, त्यात दूरच्या कॉलेजचे आयटी वर आणि जवळचे इलेक्ट्रिकल खाली. त्याला आयटी लागले. संगणकाने कसलीही चूक केली नव्हती, कागदावर जे वर होते तेच दिले होते.

यात आता ऑटो-फ्रीझची भर पडली आहे. २०२५-२६ पासून कॅपचे चार राउंड झाले. त्या वर्षीच्या नियमांनुसार पहिल्या राउंडमध्ये पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला किंवा तिसऱ्यात पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या राउंडमध्ये भाग घेता येत नाही. तुझ्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे स्वतः वाचून घे. अर्थ साधा आहे: पहिला पर्याय असा हवा की मिळाल्यावर पश्चात्ताप होणार नाही. दुसऱ्या राउंडला वरचे तीन आणि तिसऱ्याला वरचे सहा तसेच हवेत. 'बघू तरी लागते का' म्हणून या जागांवर कॉलेज टाकायचे दिवस गेले.

आपोआप फ्रीझ न होणारा पर्याय लागला तर बेटरमेंटचा मार्ग उघडा राहतो. मिळालेली जागा स्वीकारायची आणि पुढच्या राउंडला थांबायचे. वरचे काही मिळाले तर आधीची जागा सुटते, नाही मिळाले तर आधीची कायम राहते. प्रत्येक राउंडला ऑप्शन फॉर्म नव्याने भरता येतो, तेव्हा पहिल्या राउंडचा निकाल पाहून क्रमात बदल कर. आणि बेटरमेंट घेताना एक ध्यानात ठेव: वरचे मिळाल्यावर 'आता जुनेच बरे वाटते' असे म्हणता येत नाही. सध्याच्या जागेपेक्षा जे खरोखर अधिक हवे आहे, तेवढेच तिच्या वर ठेव.

क्रम लावायची माझी पद्धत अशी. प्रत्येक कॉलेज-ब्रँच जोडी वेगळ्या चिठ्ठीवर लिही. आई-वडिलांना सोबत बसव. कोणत्याही दोन चिठ्ठ्या उचलून एकच प्रश्न विचार: उद्या सकाळी या दोन्ही जागा मिळत असतील तर मी कुठे जाईन? जी जिंकेल ती वर. कटऑफचे कागद तेव्हा समोर ठेवूच नका. असे करत तीस-चाळीस चिठ्ठ्यांचा क्रम लागतो. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, पण ते सगळे भरलेच पाहिजेत असे नाही. ज्या कॉलेजात कोणत्याही परिस्थितीत जाणार नाहीस ते यादीत नकोच, शेवटच्या क्रमांकावरही नको.

कटऑफचा उपयोग त्यानंतर. क्रम ठरल्यावर फक्त इतके पाहायचे की यादीच्या खालच्या भागात तुझ्या पर्सेंटाइलला सहज मिळतील असे, आणि तुला चालतील असे, दहा-बारा पर्याय आहेत ना. समुपदेशकाच्या 'सेफ लिस्ट'मध्ये याहून वेगळे काही नसते.

कटऑफ वाचताना मात्र नीट वाच. रकान्यांवर जीओपनएच, एलओबीसीओ अशी अक्षरे असतात. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. बारावी लातूरहून झाल्यामुळे तुझे गृह विद्यापीठ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुण्यातल्या विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजात साधारण ७० टक्के जागा तिथल्या गृह विद्यापीठाच्या मुलांच्या आणि ३० टक्के बाहेरच्यांच्या. म्हणजे तिथे तू ओ-वाले रकाने पाहायचे. मैत्रिणीचा दादा एच-वाला आकडा पाहून 'तुला नक्की लागेल' म्हणाला असेल तर तो हिशेब तुझा नाही. उलट लातूर-नांदेड भागातल्या खासगी कॉलेजांत तू एच पाहायचे. एसजीजीएस, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय अशा ठिकाणी जागा राज्यस्तरावर भरतात, तिथे एस पाहा. आणि प्रत्येक ठिकाणी एकच रकाना बघून थांबू नकोस. जीओपन, एलओपन, जीओबीसी, एलओबीसी या चारही रकान्यांतल्या जागांसाठी तुझा विचार होतो. तुलना पर्सेंटाइलने कर, गुणवत्ता क्रमांकाने नको, कारण परीक्षार्थींची संख्या बदलली की क्रमांकाचा अर्थ बदलतो.

आता मूळ वाद. याला सगळ्यांना लागू होईल असे उत्तर नाही, पण कशावर अवलंबून आहे ते सांगता येते.

सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारख्या संस्थांत प्रवेश मिळत असेल तर ब्रँचबाबत बरीच तडजोड परवडते. तिथे येणाऱ्या अनेक कंपन्या सर्व ब्रँचच्या मुलांना परीक्षेला बसू देतात, आणि चार वर्षे आजूबाजूला जी मुले असतात त्यांच्याकडून फार शिकायला मिळते. एसजीजीएस १९८१ पासूनची अनुदानित, स्वायत्त संस्था आहे. मराठवाड्यात तिचे नाव आहे, माजी विद्यार्थ्यांचे जाळे आहे. वडिलांच्या आग्रहाला अर्थ आहे. पण 'मिळेल ती ब्रँच' या शब्दांना माझा विरोध आहे. इलेक्ट्रिकल, केमिकल, टेक्स्टाइल आणि इन्स्ट्रुमेंटेशन ही चार वेगळी आयुष्ये आहेत. यांतल्या प्रत्येकीचा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घे आणि विषयांची नावे वाच. समजली नाहीत तरी चालेल. फिजिक्समधले विद्युत आणि चुंबकत्वाचे प्रकरण तुला आवडत होते का? रसायनशास्त्र पाठांतरापुरते होते की त्यात गोडी होती? बारावीतली आवड हा कच्चा पुरावा आहे, पण शेजाऱ्यांच्या मतापेक्षा नक्कीच चांगला.

इलेक्ट्रिकलबद्दल वेगळे सांगतो, कारण मुलींना या ब्रँचपासून परावृत्त करणारे बरेच भेटतात. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्यांत या ब्रँचसाठी पदे निघतात, एम.टेक. आणि सरकारी कंपन्यांसाठीच्या गेट परीक्षेची वाट आहे, आणि ज्या सॉफ्टवेअर कंपन्या सर्व ब्रँचना बोलावतात तिथेही जाता येते. आमच्या इलेक्ट्रिकलच्या मुलींनी या सगळ्या वाटा धरलेल्या मी पाहिल्या आहेत.

मामांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. प्रोग्रॅमिंग करायचे हे मनाशी पक्के असेल तर कॉम्प्युटर घेणे सरळ आहे. एआय-डीएस आणि कॉम्प्युटर यांचे बरेचसे मुख्य विषय सारखेच असतात: डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क. पुढे काही विषय बदलतात. तेव्हा या नावांवरून घरात भांडण नको. प्रश्न 'कुठलेही कॉलेज' या शब्दांचा आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने चांगल्या स्थितीतल्या संस्थांना एका ब्रँचमध्ये किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर काही ठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंड ब्रँचच्या जागा भराभर वाढल्या. जागा वाढल्या म्हणजे कटऑफ खाली येतो, ते तुझ्या फायद्याचे. पण शिकवणारे त्याच वेगाने वाढले का? निकष २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचा कागद असतो. त्यात मंजूर जागा आणि शिक्षकांची यादी असते. शिक्षक किती, त्यातले किती गेल्याच वर्षी रुजू झालेले, हे मोज. ब्रोशरमधल्या छायाचित्रांपेक्षा हा एक कागद जास्त सांगतो.

एनबीए या राष्ट्रीय मानांकन मंडळाचे मानांकन संपूर्ण कॉलेजला नसते, ब्रँचला असते. नव्या ब्रँचला ते नसेल तर घाबरू नको, कारण त्यासाठी आधी काही तुकड्या पास होऊन बाहेर पडाव्या लागतात. पण वीस वर्षे जुन्या ब्रँचला नसेल तर का नाही, हे विचार. प्लेसमेंटमध्ये 'सर्वाधिक पॅकेज' हा आकडा सोडून दे, तो एका विद्यार्थ्याचा असतो. तुझ्या ब्रँचमधल्या किती मुलांनी नोंदणी केली, कितींना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमात मधोमध येणाऱ्या मुलाला किती पगार मिळाला, हे तीन प्रश्न विचार. आकडे देताना टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समज. शक्य असेल तर एकदा कॉलेजात जाऊन ये आणि स्वागतकक्षात न बसता कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोल. प्रॅक्टिकल खरेच होतात का, शिक्षक मध्येच सोडून जातात का, होस्टेलचे पाणी आणि रात्रीची ये-जा कशी आहे, हे त्या दहा मिनिटांत सांगतात.

पैशाचा हिशेब तुझ्या घरासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के सवलत आहे. ही सवलत कॅपमधून प्रवेश घेतला तरच. संस्थास्तरावरच्या म्हणजे मॅनेजमेंट कोट्याच्या जागेवर ती मिळत नाही. 'आत्ताच जागा पक्की करा, नंतर स्कॉलरशिप बसवून देतो' असे कोणी म्हणाले तर तिथून उठून या.

पण सवलत म्हणजे शिक्षण फुकट नव्हे. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, प्रवास, लॅपटॉप हे राहतेच. तुझ्या बाबतीत दोन कॉलेजांमधला फरक शिक्षण शुल्कात नसून राहण्या-खाण्याच्या खर्चात आहे. तो चार वर्षांचा काढ, एका वर्षाचा नको. नांदेडला संस्थेचे होस्टेल मिळणे आणि पुण्यात खासगी पीजीत राहणे यांची बेरीज वडिलांसमोर कागदावर मांड. वडील नोंदणीकृत कामगार किंवा अल्पभूधारक शेतकरी असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना तुला लागू होते का ते पाहा. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचे अर्ज दरवर्षी भरावे लागतात. दुसऱ्या वर्षी विसरणाऱ्या मुली मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि मग घरी सांगायची हिंमत होत नाही.

टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, ५ टक्के जागा वेगळ्या चॉइस कोडने (फॉर्ममधल्या कॉलेज-ब्रँच जोडीच्या क्रमांकाने) असतात. तुला शुल्क सवलत आधीच असल्याने त्यांच्यामागे धावायची गरज नाही. यादीत त्या जोडीला ठेवल्यास तर फक्त एक जास्तीची संधी म्हणून.

कागदपत्रांत दोनच गोष्टींवर बोट ठेवतो. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का? आणि नॉन-क्रिमी लेयर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का? अर्जाच्या वेळी पावतीवर निभावते, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिले नाही तर प्रवर्ग जाऊन ओपनमध्ये गणना होते आणि सगळा हिशेब कोसळतो. वैधतेची जात पडताळणी समितीकडे आणि नॉन-क्रिमी लेयरची तहसील कार्यालयात आजच चौकशी कर.

इथवरचे सार असे: यादी आवडीच्या क्रमाने, कटऑफ फक्त खालचा भाग सुरक्षित करण्यापुरता, वरचे सहा पर्याय पूर्ण विचार करून, आणि खर्च चार वर्षांचा.

प्रवेशानंतरचेही थोडे बोलतो, कारण तू लिहिले आहेस की इंग्रजीची भीती वाटते. पहिल्या वर्षी मुले अडखळतात ती इंग्रजीने कमी आणि गणिताने जास्त. सीईटीत पर्यायांतून उत्तर निवडायचे असते, इथे पूर्ण सोडवणूक लिहावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत 'अजून वेळ आहे' म्हणत राहिलेल्यांचे पहिल्याच सेमिस्टरला गणित राहते आणि ती केटी, म्हणजे राहिलेला विषय, पुढे दोन-दोन वर्षे पाठ सोडत नाही. वर्गात ज्या दिवशी समजले नाही त्याच दिवशी शिक्षकांना गाठ. आम्हाला त्याचा त्रास होत नाही, उलट अशी मुले लक्षात राहतात. इंग्रजी व्याख्याने पहिले दोन महिने जड जातील. मराठीतून नोट्स लिही, तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेव आणि प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेची उत्तरे मैत्रिणीसमोर मोठ्याने बोलून बघ. दिवाळीनंतर फरक जाणवतो.

ब्रँच बदलून घेऊ, या आशेवर प्रवेश घेऊ नकोस. पहिल्या वर्षानंतर बदल होतो, पण रिकाम्या जागा मोजक्या आणि स्पर्धा वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलांशी. मिळालेली ब्रँच चार वर्षे शिकायची तयारी असेल तरच ती यादीत ठेव. मात्र मूळ ब्रँचसोबत दुसऱ्या विषयात मायनर पदवी घेण्याची सोय अनेक संस्थांत आहे. इलेक्ट्रिकल घेऊन कॉम्प्युटरचे विषय त्या मार्गाने शिकता येतात, हे मामांनाही सांग.

मी तुझ्या जागी असतो तर यादी अशी लावली असती: वर एसजीजीएसच्या फक्त त्या ब्रँच, ज्यांचे विषय वाचून मन लागते. त्याखाली, शिक्षकसंख्या आणि होस्टेल तपासून निवडलेल्या पुण्यातल्या तीन-चार कॉलेजांचे कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डीएस. त्यानंतर लातूर-नांदेड भागातली, गृह विद्यापीठाचा फायदा मिळणारी कॉलेजे. प्रोग्रॅमिंगची ओढ खरोखर जबर असेल तर पहिले दोन गट उलटे कर, त्यात काही चूक नाही. ते वडील किंवा मामा ठरवू शकत नाहीत, मीही नाही. चिठ्ठ्या मांडल्यावर ते तुझे तुलाच कळेल.

समुपदेशकाला पैसे देऊ नका आणि तुझा लॉगिन-पासवर्ड कोणालाही देऊ नकोस. नेट कॅफेतही फॉर्म स्वतः भर. भरून झाल्यावर तो 'कन्फर्म' करायला विसरू नकोस, नुसता सेव्ह केलेला फॉर्म वाटपात धरला जात नाही. कन्फर्म झालेल्या यादीची प्रिंट काढून घे आणि प्रत्येक ओळीतला चॉइस कोड कॉलेजच्या नावाशी ताडून पाहा.